चौथ्या मजल्यावरून सुटणारी केळ्याची गाडी

मी राऊतकाकांना केकचे दोनशे कागदी साचे भेट दिले, ही माझी चूक.

वाचायला यात काही चूक दिसत नाही, हे मला मान्य आहे. मलाही दिसली नव्हती. उलट साच्यांचा खोका खांद्यावर घेऊन मी चौथ्या मजल्यावर चढत होतो तेव्हा जिन्यात मला स्वतःचं कौतुक वाटत होतं आणि तिसऱ्या मजल्यावर धाप लागल्यावर तर फारच. पण ती चूक केवढी होती हे कळायचं असेल तर आधी राऊतकाका कळायला हवेत.

आमची सुखदा सोसायटी डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मध्ये कुठेतरी आहे. नक्की कुठे, ते आम्ही समोरचा माणूस बघून सांगतो. चार मजले, लिफ्ट नाही. वामन राऊत चौथ्या मजल्यावर, मी आणि माझी बायको माधवी दुसऱ्या. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कल्याणच्या स्टँडवर खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते माईकवरून सांगणारे गृहस्थ. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. माईक गेला, आवाज राहिला. काका बोलत नाहीत, जाहीर करतात.

जिन्यात भेटले आणि "काय काका, कुठे?" असं विचारलं की उत्तर यायचं, "राऊत. चौथा मजला ते भाजी मार्केट, मार्गे पोस्ट ऑफिस. वीस मिनिटं उशिराने धावत आहेत." त्यांचा मुलगा झाला तेव्हा दवाखान्याच्या दारात जमलेल्या नातेवाइकांना त्यांनी सांगितलं होतं, "चार वाजून पाचची गाडी चार पंचेचाळीसला आली. प्रवासी आणि वाहक दोघेही सुखरूप." त्यातला वाहक म्हणजे शैलाकाकू. काकूंनी हे त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तर दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा आवाज यायचा. लेखी मेसेज ते करत नसत. फलाटावर पाटी कोण वाचतं, असं त्यांचं मत.

"लक्ष द्या. लक्ष द्या. चौथा मजला ते तळमजला ही केळ्याची गाडी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुटेल. आजचे थांबे : डिमेलो, देवधर आणि सुहासराव पॅकिंगवाले. प्रवाशांनी गरम डब्याला हात लावू नये. नोंद घ्यावी."

सुहासराव पॅकिंगवाले म्हणजे मी. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये खोके, वेष्टनं आणि कागदी भांडी बनवणाऱ्या एका कंपनीत विक्री बघतो. जगातल्या बहुतेक अडचणी नीट पॅकिंग न केल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत होतं. तेच मत पुढे नडलं.

आता केळ्याची गाडी म्हणजे बनाना ब्रेड, आणि तो व्हायचा एअर फ्रायरमध्ये. हे यंत्र काकांच्या मुलाने, नीलेशने, बेंगळुरूहून पाठवलं होतं. काकांचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं आणि काका भजी सोडायला तयार नव्हते. शैलाकाकू इथे असत्या तर त्यांनी यंत्राविना सोडवली असती. पण काकू नातवाला सांभाळायला नीलेशकडे गेल्या होत्या. बाळाचे पहिले सहा महिने, असं ठरलं होतं. ते बाळ आता प्लेस्कूलमध्ये जातं आणि कन्नडमध्ये भांडतं.

नीलेशचं म्हणणं, बाबांनीही तिकडे यावं. काका एकदा पंधरा दिवस जाऊन आले. "कसं वाटलं?" मी विचारलं.

"सतरावा मजला," काका म्हणाले. "बेल वाजते. आपण दार उघडतो. माणूस नसतो, पिशवी असते. दिवसातून सहा वेळा. पंधरा दिवसांत मी दाराबाहेर एक माणूस पाहिला, तोही चुकून आमच्याकडे आलेला."

यावर नीलेश फोनवर एकच प्रश्न विचारायचा. "पण बाबा, तिथे तरी तुमच्याकडे येतं-जातं कोण? चौथा मजला, लिफ्ट नाही." हा प्रश्न त्या घरात दर रविवारी दुपारी एकच्या व्हिडिओ कॉलवर यायचा आणि त्याचं उत्तर समाधानकारक मिळत राहील तोवरच काका डोंबिवलीत राहणार, असा बापलेकांचा करार होता. हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. मलाही होतं. फक्त माझ्या डोक्यात ते एका खोक्यात होतं आणि बनाना ब्रेड दुसऱ्या.

एअर फ्रायर आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. डेपोत दसऱ्याला गाड्यांना हार घालतात, म्हणून काकांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि हार तसाच ठेवून बटण दाबलं. तीन-चार पाकळ्या बास्केटमध्ये गेल्या आणि आतल्या वाऱ्यावर गरगरत तापल्या तारेला चिकटल्या. त्या दिवशीचा ब्रेड पहिल्या मजल्यावरच्या फिलोमिना डिमेलो आंटींकडे गेला. आंटी मूळच्या उत्तनच्या. लहानपणापासून नाताळचे केक करत आलेल्या, त्यामुळे भट्टीतल्या पदार्थांबद्दल सोसायटीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "वामनभाऊ, फ्लेवर कुठला?"

"झेंडू," काका म्हणाले. "अनवधानाने."

पहिल्या काही रविवारी ब्रेड वरून कोळसा आणि आतून खीर व्हायचा. काका शैलाकाकूंची विणकामाची सुई त्यात खुपसून परिस्थिती जाहीर करत. "वरचा भाग माळशेज चढून आळेफाट्याला पोचला आहे. मधला भाग शीळफाट्याला अडकला आहे." मधल्या भागाला तिथून सोडवायला त्यांना दोन महिने लागले. शेवटी वरून फॉइलचं झाकण घालून त्यांनी वरच्या वाहतुकीला थोपवलं आणि मधल्या भागाला वाट करून दिली.

ब्रेडमध्ये मैदा नाही, कणीक. साखर नाही, गूळ. लोणी नाही, दही. चव वाईट नव्हती, पण वजन होतं. आंटी म्हणायच्या, "केक नाय केला बाबा त्याने, पेव्हर ब्लॉक केला. पण खाल्ला की संध्याकाळपर्यंत भूक नाय लागत, ते मात्र खरं."

केळीच का, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"केळी डझनाने मिळतात," ते म्हणाले.

"अर्धा डझनही देतात की."

"देतात. मी मागितली होती. केळीवाला म्हणाला, काकू गावाला गेल्या वाटतं? सांगितलं. पुढच्या आठवड्यात परत अर्धा डझन मागितली. म्हणाला, अजून आल्या नाहीत? परत सांगितलं. तिसऱ्या आठवड्यापासून डझनच घेतो. एकट्या माणसाला दिवसाला एक सरतं. उरलेली शुक्रवारी काळी पडतात, रविवारी मार्गस्थ होतात."

मी यावर हसलो होतो. हसण्यासारखंच सांगितलं होतं त्यांनी.

आता डब्यांकडे येतो, कारण सगळा घोळ डब्यांचा आहे. त्या एअर फ्रायरमध्ये सहा इंची गोल डबाच मावतो. काकांनी ॲल्युमिनियमचे तीन डबे आणले आणि रीतीप्रमाणे भांड्यांच्या दुकानात नेऊन त्यांच्यावर नाव घालून घेतलं. वा. गो. राऊत, खाली एक, दोन, तीन असे नंबर. तिसऱ्या डब्यावर नाव घालणाऱ्याने 'राऊत'मधल्या ऊवर जरा जास्त जोर दिला आणि डब्याला भोक पडलं. तेव्हापासून तीन नंबरला बाहेरून कणकेची गोळी लावावी लागे. "तीन नंबर पंक्चर आहे, पण जादा गाडी म्हणून वापरतो," असं काका सांगत.

ब्रेड डब्यातून निघत नाही, चिकटतो, म्हणून तो डब्यासकट न्यायचा, असा नियम होता. आणि डबा घरात आला की आपल्याकडे पुढचं सगळं आपोआप सुरू होतं. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही. त्यात काहीतरी घालायचं. अगदीच काही नसेल तर चमचाभर साखर. आणि काकांकडे तो नोकराबरोबर किंवा मुलांबरोबर पाठवायचा नाही, त्याच दुपारी स्वतः नेऊन द्यायचा. "गाडी चालकानेच जमा करायची असते," हा दुसरा नियम. त्यांच्या दारात एक काळी पाटी होती. डावीकडे 'सुटली', उजवीकडे 'आली'. डबा हातात घेतला की ते पाटीवर वेळ लिहीत आणि म्हणत, "बसा. चहा फलाटावर लागतोय."

तो चहा फलाटावर कधीही चाळीस मिनिटांच्या आत लागला नाही. तेवढ्या वेळात एकचा कॉल यायचा. मग डबा घेऊन आलेल्या माणसाला बेंगळुरूपुढे उभं राहावं लागे. काका डब्याचं झाकण उघडून फोनसमोर धरत. "हे बघा, देवधरांकडचं लिंबाचं लोणचं. हे डिमेलोबाईंचं सुकट. आणि हे सुहासराव." त्या डब्यांमागून शैलाकाकूंचा चेहरा स्क्रीनवर पुढे पुढे यायचा. काकू डब्यात काय आहे ते बघायच्या, मग डबा आणणाऱ्याला बघायच्या, मग म्हणायच्या, "बसलात ना जरा? चहा घेतलात ना?" एवढं झालं की त्या मागे टेकून बसायच्या.

मला याचा वैताग यायचा. आठवड्यातून एक सुट्टी, त्यात दोन मजले चढा, चाळीस मिनिटं बसा आणि परराज्यात हजेरी द्या. शिवाय डब्यात काय घालायचं, यावरून आमच्या घरी शनिवारपासून वाद.

एका रविवारी घरात खरंच काही नव्हतं. माधवी माहेरी गेली होती. साखर संपली होती. मागच्या वेळचा काकांचाच ब्रेड मात्र फ्रिजमध्ये अर्धा पडून होता. मी त्याचे चौकोनी तुकडे केले, वर सुकं खोबरं भुरभुरवलं, एकेक काजू खोचला आणि डब्यात रचून वर घेऊन गेलो. बर्फी म्हणून.

काकांनी एक तुकडा उचलला. हातावर तोलला. वास घेतला. पाटीवर वेळ लिहायला उचललेला खडू खाली ठेवला.

"सुहासराव," ते म्हणाले, "परतीची गाडी रिकामी येऊ नये हे बरोबर. पण तेच प्रवासी?"

आणि त्यांनी तो तुकडा सगळ्यांसमोर शांतपणे खाल्ला. माझ्यासाठी चहा आला. त्यात साखर जास्त होती, ती काकांनी मुद्दाम घातली असं मी समजतो.

या अपमानातून मला ती कल्पना सुचली. आमच्या कंपनीने केकचे कागदी साचे नवीनच काढले होते. सहा इंची, गोल, तपकिरी, कडेला चुण्या. त्यात ब्रेड करायचा, साच्यासकट पिशवीत घालायचा, दाराच्या कडीला अडकवायचा. डबा नाही, म्हणून परत करणं नाही, म्हणून त्यात काय घालायचं हा प्रश्न नाही. मी कंपनीतून दोनशेचा खोका आणला, काकांसमोर टेबलावर ठेवला आणि गिऱ्हाइकाला करतो तसं अख्खं भाषण केलं. भांडी घासायला नकोत, न चिकटणारा घसरगुंडी कागद, एकदा वापरा, टाकून द्या.

काकांनी साचा दिव्यासमोर धरून पाहिला. "म्हणजे हा परत येत नाही?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे. कोणाला चार मजले चढायची कटकट नाही."

"कटकट," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी जाहीर केला नाही. नुसता म्हटला.

मग त्यांचा नेहमीचा आवाज आला. "ठीक आहे. प्रवाशांची सोय महत्त्वाची." नियंत्रकच ते. प्रवाशांनी सोय मागितली की द्यायची, एवढंच त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

पहिला साचा त्यांनी यंत्र तापवताना रिकामाच आत ठेवला. तो वाऱ्याबरोबर उडून तारेला चिकटला आणि घरभर धूर झाला. पण काकांनी तक्रार केली नाही. पुढच्या रविवारपासून प्रत्येक मजल्यावर दारांच्या कड्यांना पिशव्या लटकू लागल्या. आता डब्यांची मर्यादा नव्हती, त्यामुळे सोसायटीत एका वेळी सहा-सहा घरांना ब्रेड. सगळे खूश. देवधर मला जिन्यात म्हणाले, "सुहास, तू फार मोठं काम केलंस रे." मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. तो फोटो कोणी काढला नाही याचं तेव्हा वाईट वाटलं होतं, आता बरं वाटतं.

घोषणा मात्र आखूड होत गेल्या. दुसऱ्या रविवारी 'लक्ष द्या' एकदाच आलं. तिसऱ्या रविवारी थांब्यांची नावं गळली. चौथ्या रविवारी नुसतं, "गाडी सुटली आहे."

पाचव्या रविवारी काहीच आलं नाही.

साडेअकरा झाले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून फिलोमिना आंटींनी वर ओरडून विचारलं, "सुहास, आज गाडी नाय का रे?" मी म्हटलं, झोपले असतील. माधवीने चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या.

काकांनी दार उघडलं. टेबलावर काळी पडलेली केळी, मोजली नाहीत पण डझनाला एखाद-दुसरंच कमी असेल. ओट्यावर तिन्ही डबे घासूनपुसून पालथे घातलेले. दारातल्या पाटीवर 'सुटली' खाली वेळा होत्या, 'आली' खाली काही नव्हतं. कपाटं उघडी, आणि हॉलमध्ये एक मोठी सूटकेस.

"काका, हे काय?"

"वीस तारखेची गाडी आहे," काका म्हणाले. "कल्याण ते बेंगळुरू, मार्गे पुणे. एकेरी. नीलेशने तिकीट काढलं."

"असं अचानक?"

"अचानक नाही. चार रविवार त्याने विचारलं, आज कोण आलं होतं? खोटं बोलता येत नाही मला. उशीर असला तर उशीर आहे असंच सांगायचो स्टँडवर." ते सूटकेसमधले सदरे नीट करत होते. "आणि शैला जेवत नाही म्हणे. चार रविवार झाले, कॉल संपला की पानावरून उठते. मी इथे एकटा पडलोय असं वाटलं की ती तिथे धड राहणार नाही आणि नातवाला सोडून इथे धड येणार नाही. त्यापेक्षा मीच गेलेलं बरं. तिथेही दाराला पिशव्या, इथेही पिशव्या."

मी पॅकिंगच्या धंद्यात अठरा वर्षं आहे. समोरचा माणूस काय गुंडाळून देतोय हे मला कळायला हवं होतं.

साच्यांचा खोका दाराशी होता. काकांनी तो आधीच सुतळीने बांधून ठेवला होता. मी तो बघितला आणि तोंडाला आलं ते बोललो. "काका, मी ह्याच्यासाठीच आलो होतो. तो लॉट खराब निघालाय. गरम हवेत उडतो, तक्रारी आल्यात. कंपनीने परत मागवलाय."

काकांनी वर बघितलं. "ब्रेकडाऊन?"

"पूर्ण ब्रेकडाऊन."

"दुरुस्तीला किती दिवस?"

"होईल असं वाटत नाही."

ते उठले. ओट्यापाशी गेले. पालथे डबे एकेक करून सुलटे केले. "मग जुन्याच गाड्या काढाव्या लागतील," ते म्हणाले. "आज उशीर झालाय. तरी बारा चाळीसची सोडता येईल."

मी म्हटलं, मी थांबतो, मदत करतो. त्यांनी मला केळी कुसकरायला दिली आणि दोनदा सांगितलं की मी चुकीची कुसकरतोय. बावीस मिनिटांनी फॉइल काढलं, सुई घातली, कोरडी निघाली. मग काकांनी एक नंबरचा डबा फडक्यात धरला, तळहातावर उपडा केला आणि बुडाला एक टिचकी मारली. अख्खा ब्रेड एका क्षणात बाहेर आला. तुकडा नाही, पापुद्रा नाही, डबा आतून स्वच्छ. काकांनी ब्रेडचं बूड नीट भाजलंय का ते बघितलं, ब्रेड सावकाश पुन्हा डब्यात सरकवला आणि झाकण लावलं.

"चिकटतो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "भयंकर चिकटतो."

खोका खांद्यावर घेऊन मी खाली उतरलो तर पहिल्या मजल्यावर आंटी दारातच. मी त्यांना सूटकेसचं सांगितलं, तिकिटाचं सांगितलं. त्या खोक्याकडे बघत होत्या.

"आपण डबे वर न्यायचो, त्यावर त्याची बायको तिकडे जेवायची," त्या म्हणाल्या. "तू रिकामी पेपर प्लेट वाढलीस तिला."

त्या दिवशी उशीर झाल्यामुळे डबे संध्याकाळी परत गेले आणि कॉल हुकला. म्हणजे वीस तारखेच्या आधी एकच रविवार हातात होता. त्या आठवड्यात आंटींनी घरोघरी फिरून सगळ्यांना सांगितलं की डबा मिळो न मिळो, रविवारी एकच्या आत वर यायचं. देवधरांना मूळव्याधीचा त्रास आहे, त्यांना जिना नको होता. आंटींनी त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते साडेबारालाच वर जाऊन बसले होते, उशी घेऊन.

आमच्या वाट्याला दोन नंबरचा डबा आला. मी माधवीला म्हटलं, "काय देऊया?"

"मला काय विचारतोस? साचे तू दिलेस. शिरा तू कर."

मी केला. रवा भाजायचा असतो हे मला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. पाणी घातल्यावर ढवळायचं असतं हेही माहीत होतं, पण त्याच वेळी कंपनीतून फोन आला. जे झालं ते मी चमच्याने दाबून डब्यात बसवलं. त्यावर बेदाणे लावले. त्यातले दोन घसरून कडेला गेले, बाकीचे बसलेच नाहीत, कारण पृष्ठभाग कडक झाला होता.

वर गेलो तर काकांच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. पाटीवर 'आली' खाली खडूने गर्दी केली होती. आंटींनी बहिणीलाही आणलं होतं. काका एका हाताने चहा ओतत होते, दुसऱ्या हाताने लोकांना सरकवत होते. "पुढे चला. मागच्या प्रवाशांना जागा द्या." बरोबर एकला फोन वाजला. काकांनी तो साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला.

स्क्रीनवर नीलेश होता. त्याने खोलीभर नजर फिरवली. "बाबा, आज काही आहे का घरी?"

"नाही. नेहमीची वाहतूक," काका म्हणाले.

नीलेशने फोन डोळ्यांजवळ धरला. त्याच्या मागून शैलाकाकू पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. त्या एकेकाला बघत होत्या. देवधरांना त्यांनी उशीबद्दल विचारलं. आंटींना बहीण कधी आली ते विचारलं. मग कधीतरी पदर डोळ्याला लावला आणि नीलेशला म्हणाल्या, "ते तिकीट बघ रे, परत घेतात का."

काकांनी घसा खाकरला. कपबशी खाली ठेवली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मी त्यांचा स्टँडवरचा आवाज कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"लक्ष द्या. लक्ष द्या. कल्याण ते बेंगळुरू, मार्गे पुणे, वीस तारखेची गाडी काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल..." इथे त्यांनी उशीवर बसलेल्या देवधरांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "गैरसोय नाही. नोंद घ्यावी."

मी लगेच माझा डबा पुढे केला. काकांनी झाकण काढलं आणि आतला पदार्थ ताटलीत काढण्यासाठी डबा उपडा करून बुडाला टिचकी मारली. मग दोन टिचक्या. मग टेबलावर आपटला. काही आलं नाही. आंटींनी उलथणं आणून दिलं, ते वाकलं. शेवटी काकांनी डबाच फोनसमोर धरला.

काकू बराच वेळ आत बघत होत्या.

"काय आहे ते?"

"शिरा," मी म्हटलं. "मी केलाय."

"सुहास," काकू म्हणाल्या, "तू वर येऊन बसतोस, तेवढं पुरे आहे रे. पुढच्या वेळी डबा रिकामाच आण."